विभागाचं विद्यापीठ झालं, त्याची गोष्ट

मुंबई विद्यापीठाचा रसायन तंत्रज्ञान विभाग 1 ऑक्टोबर 1933 रोजी सुरू झाला, तेव्हा मुंबई गिरण्यांचं शहर होतं. कापड इथं विणलं जाई, पण ते रंगवायचे कृत्रिम रंग परदेशातून यायचे. त्यामुळे पहिले अभ्यासक्रम दोनच निघाले : वस्त्र-रसायन आणि रासायनिक अभियांत्रिकी. 1943 मध्ये विभाग माटुंग्याच्या आजच्या जागेत आला. आज तिथं ‘इन्स्टिट्यूट ऑफ केमिकल टेक्नॉलॉजी’ अशी पाटी आहे आणि दर्जा अभिमत विद्यापीठाचा आहे. जुने विद्यार्थी मात्र अजूनही विभागाच्या इंग्रजी नावाची आद्याक्षरं घेऊन ‘मी यूडीसीटीचा’ असंच सांगतात.

सरकारी आदेशांच्या तारखा सांगून ही गोष्ट दोन ओळींत संपते. 26 जानेवारी 2002 रोजी विभागाची ‘संस्था’ झाली, 12 सप्टेंबर 2008 रोजी अभिमत विद्यापीठ झालं. पण हे कागद निघायच्या कितीतरी आधी काम होऊन गेलं होतं, आणि ते केलं होतं प्राध्यापकांनी.

लाहोरच्या फोरमन ख्रिश्चन कॉलेजातून आलेले के. वेंकटरामन 1938 मध्ये विभागाचे पहिले भारतीय संचालक झाले. सेंद्रिय रसायनशास्त्रातल्या एका अभिक्रियेला बेकर या रसायनशास्त्रज्ञाच्या जोडीनं त्यांचं नाव आहे. कृत्रिम रंगांवरचे त्यांचे ग्रंथ जगभर वापरले गेले. 1957 मध्ये ते पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचे संचालक झाले. त्यांच्यानंतर त्या खुर्चीत बसलेले बा. द. टिळक हेही माटुंग्याचेच.

खरं वळण आलं 1964 मध्ये. मूळचे जोधपूरचे मनमोहन शर्मा केंब्रिजला डँकवर्ट्स यांच्याकडे पीएच.डी. करून परतले, आणि मुंबई विद्यापीठानं त्यांना थेट प्राध्यापक केलं. वय सत्तावीस! अधिव्याख्याता, मग प्रपाठक, मग वाट पाहत प्राध्यापक, ही शिडी बाजूला ठेवायचं धाडस त्या काळच्या एका सरकारी पैशावरच्या विद्यापीठानं दाखवलं. वायू द्रवात शिरताना अभिक्रिया कशी घडते, किती वेगानं घडते, हा शर्मांचा विषय. ऐकायला कोरडा, पण खत असो वा औषध, जवळजवळ प्रत्येक रासायनिक कारखान्यात हा प्रश्न येतोच. ठाणे-बेलापूर पट्ट्यातले, अंबरनाथ-डोंबिवलीचे कारखाने हाकेच्या अंतरावर. प्राध्यापकानं उद्योगांना सल्ला द्यावा आणि तिथल्या अडचणी संशोधनासाठी परत वर्गात आणाव्यात, ही रीत माटुंग्यात रुळली.

1990 मध्ये शर्मा रॉयल सोसायटीचे फेलो झाले. हा मान मिळवणारे पहिले भारतीय अभियंते, असं सगळीकडे छापलं जातं. इथं जरा थांबायला हवं. मुंबईच्याच गोदीतले अर्देशीर कर्सेटजी वाडिया 1841 मध्ये फेलो झाले होते, आणि ते जहाजबांधणीतले अभियंतेच होते. शर्मांचं मोठेपण यामुळे तसूभरही कमी होत नाही; मुंबईचं वाढतं.

शर्मांचे विद्यार्थी रघुनाथ माशेलकर 1998 मध्ये फेलो झाले. साताऱ्याकडच्या मसूरचे ज्येष्ठराज जोशी हेही शर्मांचेच विद्यार्थी. 1999 मध्ये ते संचालक झाले आणि 2014 मध्ये पद्मभूषण. अभिमत विद्यापीठाचे पहिले कुलगुरू गणपती यादव कोल्हापूर जिल्ह्यातले. गाइड पुन्हा शर्माच. 2019 मध्ये कुलगुरू झालेले अनिरुद्ध पंडित यांची पीएच.डी. जोशींकडची. म्हणजे नातवापर्यंत गादी घरातच! संस्थेला एक सूर मिळाला तो यामुळे, हे कबूल. पण एकाच घराण्याची तालीम कितीही उत्तम असली, तरी बाहेरचा गवई मैफलीत यावा लागतो, आणि तो पुरेसा आला नाही असं माझं मत आहे.

दर्जा बदलल्यानं काय बदललं? विभाग असताना अभ्यासक्रमातला नवा विषय अभ्यास मंडळाकडून विद्वत सभेपर्यंत अख्ख्या विद्यापीठाच्या रांगेतून जाई. आता पदवी स्वतःची, परीक्षा स्वतःची, निर्णयही आवारातच. पैसा मात्र मुख्यतः राज्य सरकारचा. म्हणजे विषय आज ठरला, तरी तो शिकवणाऱ्या माणसाची जागा भरायला मंत्रालयाकडे पाहणं आलंच. ही अर्धी मोकळीक आहे.

तरी तिचा उपयोग झाला. केंद्राच्या जैवतंत्रज्ञान विभागाच्या मदतीनं माटुंग्यात जैवऊर्जेचं केंद्र उभं राहिलं. शेतातला पेंढा, उसाचं चिपाड यांतल्या चिवट तंतूंची साखर करायची आणि तिचं इथेनॉल, हे तिथलं काम. प्रयोगशाळेत जमलं म्हणून शोधनिबंध लिहून तिथले संशोधक थांबले नाहीत. 2016 मध्ये उत्तराखंडातल्या काशीपूरला रोज 10 टन काडीकचरा पचवणारा प्रात्यक्षिक प्रकल्प सुरू झाला.

2018 मध्ये संस्थेनं भुवनेश्वर आणि जालना इथं नवी आवारं सुरू केली. भुवनेश्वरच्या पाठीशी इंडियन ऑइल आहे. जालन्याच्या पाठीशी राज्य सरकार आहे, आणि मराठवाड्याची अपेक्षा. माटुंग्याभोवती कारखाने होते, देणगीदार माजी विद्यार्थी होते, उद्योगातल्या दरबारी सेठ यांच्यासारख्यांच्या नावांची अध्यासनं होती. जालन्याला बी-बियाणं आणि पोलाद आहे. रासायनिक उद्योगाचा तसा शेजार नाही. तिथं माटुंग्याची नक्कल करून भागणार नाही.

देशोदेशी पसरलेल्या यूडीसीटीच्या माजी विद्यार्थ्यांना म्हणून एक विनंती : पुढची देणगी माटुंग्यातल्या आणखी एका सभागृहाला देऊ नका. जालन्यात एक अध्यासन उभं करा, आणि त्यावर तिशीच्या आतला प्राध्यापक नेमा अशी अट घाला.