पेढीची इंग्रजी
बोरीवलीच्या पेढीवर दिवसभर इंग्रजीची अनेक रूपे वावरतात. दूरध्वनीवर ‘पार्टीचे पेमेंट क्लिअर’ एवढे पुरते. बँकेला पत्र लिहिताना मात्र पूर्ण वाक्य लागते. इंग्रजी शाळेत शिकणारी नातवंडे पहिल्या रूपाला हसतात आणि आजोबा गिऱ्हाइकासमोर गप्प होतात. हा संकोच अनाठायी आहे. आचार्य हेमचंद्रांनी बाराव्या शतकात ‘सिद्धहेमशब्दानुशासना’चे सात अध्याय संस्कृतला दिले, तर आठवा प्राकृतांना, त्यात अपभ्रंश भाषेलाही नियमबद्ध स्थान मिळाले. भारतात रूढ झालेला ‘प्रीपोन’ आज ऑक्सफर्डच्या शब्दकोशात आहे. प्रसंग पाहून भाषा बदलणे हे अज्ञान नव्हे, तो विवेक होय. नातवंडांनी पत्राची इंग्रजी आजोबांना शिकवावी आणि पेढीची त्यांच्याकडून शिकावी.