तिकिटावरची काळी ओळ

युद्धाचा छापील दस्तऐवज म्हटले की जर्मन चित्रकार ऑटो डिक्सची १९२४ मधली पन्नास अम्लरेखाटने पुढे येतात. पहिल्या महायुद्धात खंदकात राहून आलेल्या माणसाने ती कोरली होती. आपल्याकडे सैनिकाचा माग काढायचा तर नाशिक रोडच्या प्रतिभूती मुद्रणालयाकडे, म्हणजे तिथे छापलेल्या टपाल तिकिटांकडे वळावे लागते. जानेवारी १९४६ मध्ये दुसऱ्या महायुद्धातल्या विजयाची तिकिटे निघाली. पंचवीस लाखांहून अधिक भारतीय त्या युद्धात उतरले होते, पण तिकिटावर चेहरा राजाचाच. २१ नोव्हेंबर १९४७ च्या तिकिटावर तिरंग्यासोबत 'जय हिंद' आले. आझाद हिंद सेनेची ही घोषणा देशाने उचलली. ती देणाऱ्या जवानांना मात्र सैन्यात परत घेतले नाही. २६ जानेवारी १९६६ ला १५ पैशांच्या तिकिटावर जवान अखेर दिसला, तोही विमान आणि युद्धनौकेसोबत, नाव-गाव नसलेला.

हा तर सरकारी गौरव, यात सैनिकाचा अनुभव कुठे, असा आक्षेप कोणी घेईल. चित्रांपुरता तो मान्यच करावा लागतो. पण १९५३ ची कोरियाची तिकिटे पाहा. कोरियन युद्धातल्या, मायदेशी परतायला नकार देणाऱ्या बावीस हजारांहून अधिक युद्धकैद्यांवर पहारा द्यायला भारताने तुकडी पाठवली. तिचे नेतृत्व कोल्हापूरकडचे मेजर जनरल शंकरराव थोरात करत होते. या जवानांच्या टपालासाठी नवे चित्र काढले नाही. अजिंठ्याचा हत्ती, घारापुरीची त्रिमूर्ती असलेल्या चालू तिकिटांवरच काळ्या शाईत शब्द उमटवले : 'भारतीय संरक्षा कटक कोरिया'.

ही तर टपालखात्याच्या हिशेबाची सोय, असेही म्हणता येईल. सोयच होती, आणि म्हणूनच ती विश्वासार्ह आहे. गौरवाच्या तिकिटावर सैनिक कसा दिसावा हे दुसऱ्याने ठरवलेले असते; हे तिकीट खुद्द त्याच्या टपालासाठी होते. भीती, कंटाळा, थंडी यांतले काही त्यात नाही, डिक्सची जागा ते घेऊ शकत नाही. पण हा माणूस घरापासून किती लांब उभा होता, एवढे ती काळी ओळ सांगते. चित्रातल्या जवानाला नेमका तेवढाच पत्ता नव्हता.