भार वाढला, तार तीच

उज्जैनला ११ ऑक्टोबर २०२२ रोजी महाकाल मंदिराभोवतीचं महाकाल लोक हे संकुल खुलं झालं आणि भाविकांचा ओघ वाढला. इंदूरहून येणाऱ्या बसगाड्या जिथे थांबतात त्या नानाखेड्यात हॉटेलांच्या पाट्या आल्याच, शिवाय घरचा वरचा मजला पाहुण्यांना देण्याचा विचारही अनेकांच्या डोक्यात आला. पुढे २०२८ चा सिंहस्थ आहे. खोली द्यायची म्हणजे एसी हवा, न्हाणीघरात गिझर हवा. रंग, टाइल्स, पडदे सगळं नवं होतं. भिंतीतली वायर मात्र दोन पंखे आणि चार ट्यूबलाइटच्या जमान्यातली राहते.

साधा हिशेब करू. दोन किलोवॉटचे तीन गिझर आणि दीड किलोवॉटचे दोन एसी पहाटे मंदिरातल्या भस्मारतीच्या आधी एकदम चालू झाले, तर भार होतो ९ किलोवॉट. २३० व्होल्टला भागलं की जवळपास ३९ अँपिअर. तारेतली उष्णता विद्युतप्रवाहाच्या वर्गाच्या पटीत वाढते. प्रवाह दुप्पट झाला की उष्णता चौपट.

मग एमसीबी पडते. वायरमन येतो, "छोटी आहे हो" म्हणत १६ च्या जागी ३२ अँपिअरची बसवून जातो आणि सगळे सुटकेचा श्वास सोडतात. खरा धोका इथेच सुरू होतो. एमसीबी गिझरच्या रक्षणासाठी नसते, वायरच्या रक्षणासाठी असते. तिच्यातली द्विधातूची पट्टी तापली की वाकते आणि खटका पाडते. वायर जळण्याआधी तो पडावा एवढंच तिचं काम. वायर तीच ठेवून एमसीबी मोठी केली की आधी वायर तापणार. जुन्या किटकॅट फ्यूजमध्ये जाड तार गुंडाळणारे काका हेच करत होते. फक्त डबा बदलला.

जुने कारागीर अजूनही 'तीन-बावीस', 'सात-वीस' असं बोलतात: आधी तारांची संख्या, मग गेज. आता चौरस मिलिमीटरची भाषा आहे. दिव्यांना दीड, १६ अँपिअरच्या प्लगला अडीच, एसी-गिझरला चार आणि प्रत्येकाला बोर्डापासून स्वतंत्र लाइन, हा सर्वसाधारण रिवाज. जुन्या घरात ॲल्युमिनियमची वायर असेल तर तिला तांब्याचा तुकडा पिळून टेप मारणं टाळावं. तो जोड काळवंडतो, सैल होतो आणि तिथेच तापतो. गिझर वीस मिनिटं चालल्यावर प्लग काढून पाहा. पिना चटका देत असतील किंवा सॉकेटची भोकं तपकिरी पडली असतील, तर पुढची चाचणी करायची गरज नाही.

अर्थिंगचं दुखणं वेगळं. तीन पिनांचा सॉकेट दिसतो, पण मागे हिरवी वायर असतेच असं नाही. शिवाय माळव्याची काळी माती पावसाळ्यात चिकट असते आणि उन्हाळ्यात भेगाळून इलेक्ट्रोडपासून सुटते. भारतीय मानकाप्रमाणे पाइप इलेक्ट्रोड किमान अडीच मीटर लांब हवा, तो याचसाठी की खालची ओल गाठता यावी. त्याच्या जोडीला ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी हवी. फेजमधून गेलेला प्रवाह न्यूट्रलमधून पूर्ण परतला नाही, तर ती क्षणात पुरवठा तोडते. ओल्या न्हाणीघरात जीव वाचवते ती हीच. हे एमसीबीला जमत नाही.

कागदाचं काम त्या मानाने सोपं. पश्चिम क्षेत्र विद्युत वितरण कंपनीच्या झोन कार्यालयात स्वीकृत भार वाढवण्याचा अर्ज करायचा. खोल्या भाड्याने देत असाल तर जोडणी कोणत्या वर्गात मोडते, हेही तिथेच विचारून घ्यावं. स्मार्ट मीटर असेल तर तो कमाल मागणी नोंदवतोच, तेव्हा लपवण्यात अर्थ नाही. मात्र भार कागदावर वाढला म्हणून भिंतीतली वायर जाड होत नाही.

काम परवानाधारक ठेकेदाराकडून, प्लास्टरच्या आधी करून घ्यावं. शेवटी ५०० व्होल्टच्या मेगरने इन्सुलेशन तपासून घ्यावं. रीडिंग एक मेगाओहमच्या खाली असेल तर दोष सापडेपर्यंत हप्ता अडवून ठेवायला हरकत नाही. आणि भिंती बुजवण्याआधी वायरिंगच्या पाइपांचे फोटो काढावेत. पडद्याचा रॉड बसवणारा ड्रिल घेऊन आला की ते त्याला दाखवता येतात.