रिटायरमेंट जपानला, व्हाया कुर्डुवाडी!

तुमच्याही ऑफिसमध्ये असतीलच असे लोक. लंच अवरला डबा उघडता उघडता कुणीतरी म्हणतं, ‘पंचेचाळिशीला पेपर टाकायचे आणि थेट गोवा!’ कुणाचं कूर्ग असतं, एकाचं बाली (तो तिथे हनिमूनला पाच दिवस गेला होता, तेवढाच अनुभव). माझं जपान आहे. गेल्या महिन्यापर्यंत मीही डब्यापुरतीच तिकडे जाऊन येत होते. मग एचआरचा मेल आला: नागोयाला लॉंग टर्म जाणार का? महिनाअखेर कळवा.

मी मूळची कुर्डुवाडीची. पप्पा रेल्वे वर्कशॉपमधून रिटायर झालेले, आजोबाही तिथलेच. आमच्या गावाला आधी जंक्शन, मग गाव. १८९७ मध्ये एव्हरार्ड कॅलथ्रॉप नावाच्या इंग्रज इंजिनिअरने इथून बार्शीपर्यंत अडीच फुटी रुळांची गाडी सुरू केली. बार्शी लाइट! पुढे ती पंढरपूर, लातूर, मिरजेपर्यंत गेली. लहानपणी मी त्या गाडीने बार्शीला मावशीकडे जायचे. आता सगळं ब्रॉडगेज झालंय.

तर २०१९ मध्ये कंपनीने मला चार महिने नागोयाला पाठवलं. जपानी भाषेच्या परीक्षेची एन-टू लेव्हल नुकतीच पास झाले होते, त्यामुळे कॉलर टाइट. एका रविवारी जवळच्या कुवाना गावी गेले, तर स्टेशनाच्या बाजूला एक पिवळी, चिंचोळी गाडी उभी. होकुसेई लाइन. समोरासमोरच्या सीट्सवर बसलं की गुडघ्याला गुडघा लागेल इतका अरुंद डबा. वीस किलोमीटरला जवळपास तास. भातशेतीतून डुलत डुलत चाललीय, शाळेची पोरं झोपलीयत, एक आजी पिशवी सांभाळत बसलीय. रूमवर येऊन गूगल केलं: १९१४ ची लाइन, गेज ७६२ मिलिमीटर. म्हणजे अडीच फूट. आपलंच की राव! जपानमध्ये या गेजच्या पॅसेंजर गाड्या आता मोजक्याच उरल्यात आणि त्यातली एक मला नागोयापासून अर्ध्या तासावर सापडली होती. त्या दिवशी ठरवलं, म्हातारपण इथे.

ठरवणं सोपं असतं. मेल आल्यावर पहिल्यांदाच एक्सेल शीट उघडून सीरियसली बसले, आणि स्वप्नाची हवा सुटायला लागली.

पहिला झटका म्हणजे जपानचा रिटायरमेंट व्हिसाच नाही. थायलंड पन्नाशीनंतर बँकेत आठ लाख बात दाखवले की वर्षभर राहू देतं, जपानच्या मेन्यूत ही डिशच नाही. बरं, घर घेऊन टाकू? २०२३ च्या सरकारी पाहणीत तिथे ९० लाख घरं रिकामी निघाली. खेड्यातलं घर हिंजवडीतल्या पार्किंगच्या भावात मिळतं अशा गोष्टी तुम्हीही रील्सवर पाहिल्या असतील. परदेशी माणूस ते घेऊ शकतो, हेही खरं. आपल्याकडून वर्षाला अडीच लाख डॉलरपर्यंत पैसे कायदेशीर पाठवता येतात (दहा लाख रुपयांच्या वर गेलात की २० टक्के टीसीएस आधी कापला जातो, तो रिटर्न भरताना धरायचा). पण घराच्या किल्लीबरोबर व्हिसा मिळत नाही. स्वतःच्या घरात पाहुणी म्हणून राहायचं!

मग उरतो परमनंट रेसिडेन्सीचा रस्ता. सर्वसाधारण नियम सलग दहा वर्षं वास्तव्याचा, त्यातली किमान पाच नोकरीच्या व्हिसावर. पगार, डिग्री, वय यांचे पॉइंट्स जमले तर तीन वर्षांत किंवा एका वर्षातही जमतं, पण माझे पॉइंट्स मी तीनदा मोजले, काठावरही नाहीत. पेन्शनसाठीही किमान दहा वर्षं लागतात. २०१६ पासून भारत-जपान करार लागू आहे, त्यामुळे दोन्हीकडची वर्षं एकत्र धरतात. गंमत अशी की कंपनीने पाच वर्षांपर्यंतच्या डेप्युटेशनवर पाठवलं तर आपला पीएफ इथेच भरत राहतो आणि तिकडच्या पेन्शनीत काहीच पडत नाही. ऑफर लेटरमधला हा कॉलम नीट वाचा, कुणी सांगत नाही. आणि चाळीस वर्षं पूर्ण भरली तरी तिथली बेसिक पेन्शन महिन्याला सुमारे ७० हजार येनच. एक गोष्ट मात्र झकास आहे: रहिवाशांना सरकारी आरोग्य विमा, बिलाचे साधारण ३० टक्केच खिशातून.

करणारे करतात म्हणा. आपले योगेंद्र पुराणिक तिकडे गेले, जपानी नागरिक झाले आणि २०१९ मध्ये टोकियोच्या एदोगावा वॉर्डातून निवडूनही आले. पण नागरिकत्व घेतलं की आपला पासपोर्ट परत करावा लागतो. एवढी माझी तयारी नाही.

शीटमध्ये मी वयाचा एक कॉलम टाकला होता. माझं वय ३४, दहा वर्षांनी ४४. सहज शेजारी पप्पांचं टाकलं. ६६ ते ७६. म्हणजे माझं रिटायरमेंट प्लॅनिंग साठीला नाही, आत्ता सुरू होतंय, आणि त्याचा पहिला हप्ता पप्पांच्या वर्षांतून जाणार. आई गेल्यापासून ते एकटेच असतात. मी एकुलती एक. त्यांना बरोबर न्यावं, तर आईवडिलांसाठी सरसकट व्हिसा नाही. हाय स्किल्ड व्हिसावाल्यांना आणता येतं, तेही घरात सात वर्षांखालचं मूल सांभाळायचं असेल तर! माझं अजून लग्नाचंच जमेना. राहता राहिला पाहुण्यांचा व्हिसा, जास्तीत जास्त ९० दिवस.

शुक्रवारी हुतात्मा पकडून घरी गेले. पप्पांनी भाकरी थापल्या होत्या, शेंगाचटणी होती. मी एका दमात सगळं सांगून टाकलं.

‘म्हातारपणी तिकडं ऱ्हायचं? का गं?’

मी मोबाईलवर त्या पिवळ्या गाडीचा व्हिडिओ लावला. त्यांनी चष्मा शोधला.

‘गेज किती?’

‘सातशे बासष्ट.’

‘अडीच फूट.’ मग बराच वेळ काही बोलले नाहीत. व्हिडिओ तीनदा पाहिला. ‘रूळ चांगले ठेवलेत,’ म्हणाले. ‘आपल्या लायनीवर पोरं चालत्या गाडीतनं उतरून पाणी पिऊन परत चढायची.’

मी विचारलं, ‘पप्पा, दहा वर्षं आहेत. तुम्ही इथे एकटे...’

‘एकटा कुठं? संध्याकाळी स्टेशनवर आमची सगळी गँग असती.’ ताट उचलत म्हणाले, ‘पर गुडघा बदलायचा झाला तर तू ये. त्येवढं कंपनीला आधीच लिहून दे.’

हे मी शीटमध्ये कुठल्या कॉलममध्ये टाकू, मला अजून कळलेलं नाही. एचआरच्या मेलचं उत्तर ड्राफ्ट्समध्ये पडून आहे, महिना संपायला नऊ दिवस आहेत. पप्पांना मात्र पासपोर्ट हवाय. सोलापूरची अपॉइंटमेंट गुरुवारी सकाळची मिळालीय, आणि ते विचारत होते की फोटोत टोपी चालते का.