राखीव क्वार्टरबॅकचा बुधवार

सकाळी साडेसहा

विस्कॉन्सिन राज्यातलं ग्रीन बे हे जेमतेम लाखभर वस्तीचं शहर. नोव्हेंबरात या वेळी थंडी हाडात शिरते आणि नीट उजाडलेलंही नसतं. 81 हजार प्रेक्षक मावतील असं लॅम्बो फील्ड घरांच्या वस्तीला खेटून उभं आहे. पॅकर्स संघाची कार्यालयं, व्यायामशाळा, बैठकीच्या खोल्या असं सगळं त्याच वास्तूत. अमेरिकन फुटबॉलच्या हंगामात रविवारी सामना, मंगळवारी सुट्टी आणि बुधवारपासून पुढच्या सामन्याची तयारी असा आठवडा चालतो. राखीव क्वार्टरबॅक अशा बुधवारी उजाडायच्या आतच हजर असतो.

संघातल्या इतर जागांवर नवख्या मुलाला दर सामन्यात थोडंफार खेळायला मिळतं. दमलेल्याच्या जागी दुसरा जातो, दोन चाली खेळतो, परत येतो. क्वार्टरबॅकचं तसं नाही. चेंडू पहिल्यांदा त्याच्या हातात येतो, अडीच-तीन सेकंदांत कुणाकडे फेकायचा ते त्यानं ठरवायचं असतं, आणि ती जागा एकाचीच असते. तो धडधाकट असेपर्यंत दुसऱ्यानं कडेला उभं राहायचं. पॅकर्सचा जॉर्डन लव्ह 2020 ते 2022 असे तीन हंगाम उभा राहिला. त्याच्यासारख्या मुलाचा हा बुधवार. वेळा संघागणिक थोड्या मागेपुढे होतात, कामं मात्र हीच.

सात

व्यायाम, पायांची मालिश, नाश्ता. रविवारी खेळलेल्यांची अंगं अजून ठणकत असतात, याचं ठणकत नाही. म्हणून याला वजनं जास्त.

आठ

आधी सगळ्या संघाची बैठक, मग क्वार्टरबॅकची वेगळी खोली. तिथे चार-पाच माणसं आणि एक पडदा. मुख्य खेळाडू, त्याचा राखीव, कधी तिसरा, आणि प्रशिक्षक. या खोलीत काय वातावरण असेल याची कल्पना यायला 23 एप्रिल 2020 ची रात्र आठवावी लागते.

करोनामुळे त्या वर्षीचा ड्राफ्ट, म्हणजे महाविद्यालयीन खेळाडूंची निवड, घराघरांतून झाली. पॅकर्सनी आदल्या हंगामात 16 पैकी 13 सामने जिंकले होते आणि अंतिम सामना एका पावलावर हुकला होता. मुख्य क्वार्टरबॅक ॲरन रॉजर्स 36 वर्षांचा होता. गावाला वाटत होतं, संघ त्याच्या मदतीला एखादा चांगला रिसीव्हर, म्हणजे त्याच्या फेकी झेलणारा खेळाडू, घेईल. महाव्यवस्थापक ब्रायन गुटेकुन्स्ट यांनी चौथ्या फेरीतली एक निवड मायामी संघाला देऊन तिसाव्या क्रमांकावरून सव्विसावा क्रमांक मिळवला आणि युटा स्टेट विद्यापीठाचा 21 वर्षांचा क्वार्टरबॅक उचलला: जॉर्डन लव्ह. रॉजर्सला आधी कुणी काही बोललं नव्हतं. लव्हला निवडल्याचं ऐकून आपण टकीलाचा पेला भरला, असं त्यानं पुढे स्वतःच सांगितलं.

त्याच्या पंधरा वर्षं आधी हाच रॉजर्स राखीवाच्या खुर्चीत होता. 2005 च्या ड्राफ्टमध्ये सॅन फ्रान्सिस्कोनं पहिल्या क्रमांकावर क्वार्टरबॅक ॲलेक्स स्मिथला घेतलं, रॉजर्स कॅमेऱ्यासमोर तासन्‌तास बसून राहिला आणि अखेर चोविसाव्या क्रमांकावर पॅकर्सकडे आला. पुढे मुख्य क्वार्टरबॅक ब्रेट फार्व्ह होता. या पोराला तयार करणं हे आपल्या कराराचं काम नाही, अशी फार्व्हची उघड भूमिका होती. रॉजर्सनं तीन हंगाम वाट पाहिली, 2008 मध्ये फार्व्ह न्यूयॉर्क जेट्सकडे गेला आणि जागा मोकळी झाली. फार्व्ह 1992 ला रुजू झाला, रॉजर्स 2022 चा हंगाम खेळून गेला. तीस वर्षं या गावानं मुख्य असे दोनच क्वार्टरबॅक पाहिले, आणि दोघांनी एकेक सुपर बोल, म्हणजे लीगचं विजेतेपद, आणला. त्यामुळे तिसऱ्याला या खोलीत बसताना मान वर करायलाही धीर लागत असणार.

रॉजर्स लव्हशी फार्व्हपेक्षा पुष्कळ चांगला वागला, हे लव्ह स्वतः सांगतो. 2020 आणि 2021 या दोन्ही वर्षी रॉजर्स लीगमधला सर्वोत्तम खेळाडू ठरला. म्हणजे राखीव मुलाला शिकायला उत्तम माणूस मिळाला आणि खेळण्याची आशा मात्र आणखी लांबली. 2020 मध्ये लव्ह तर तिसऱ्या क्रमांकावर होता, टिम बॉयलच्याही मागे. त्या वर्षी सरावाचे सामने रद्द झाले होते, आणि खऱ्या सामन्यांत त्याला एकदाही गणवेश चढवायला मिळाला नाही.

साडेनऊ

रविवारच्या चाली आज मांडल्या जातात. बुधवारी पहिल्या-दुसऱ्या डाउनच्या (डाउन म्हणजे चेंडू पुढे नेण्याचा एक प्रयत्न), गुरुवारी तिसऱ्या डाउनच्या, शुक्रवारी गोलरेषेजवळच्या, असा बहुतेक ठिकाणचा रिवाज. मुख्य प्रशिक्षक मॅट लाफ्लोर यांच्या पद्धतीत एकेका चालीचं नाव भलतं लांब असतं. रचना कोणती, कोण आधीच सरकणार, अडवणारे कुणाला अडवणार, रिसीव्हर कुठून कुठे धावणार, आणि बचावफळी वेगळी दिसली तर बदलायची दुसरी चाल कोणती, हे सगळं एका दमात. सामन्यात हे हेल्मेटमधल्या रेडिओवर ऐकू येतं आणि घड्याळात 15 सेकंद उरले की रेडिओ बंद होतो. तोवर क्वार्टरबॅकनं ते ऐकून दहा जणांना स्पष्ट, न अडखळता सांगायचं. वाक्य अर्ध्यात तुटलं तर त्या दहा जणांचा त्याच्यावरचा भरवसा तिथेच डळमळतो.

राखीव क्वार्टरबॅक ही यादी मुख्य खेळाडूइतकीच पाठ करतो. प्रश्नही त्यालाच जास्त विचारले जातात: इथे मागचा रक्षक वर आला तर तुझी नजर कुठे? उत्तर चुकलं तर फक्त या खोलीत कळतं. माझ्या मते राखीव खेळाडूचं खरं भाग्य हेच. जो पहिल्याच वर्षी मैदानात ढकलला जातो, त्याचं चुकीचं उत्तर रविवारी लाखो लोक पाहतात.

अकरा

चालत केलेला सराव. हेल्मेट नाही, पळापळ नाही, फक्त जागा पक्क्या करणं. राखीव मागे उभा राहून स्वतःपुरती पावलं टाकतो.

बारा

जेवण. एरवी या तासाचं सांगण्यासारखं काही नसतं. पण 3 नोव्हेंबर 2021 च्या बुधवारी बातमी आली, की रॉजर्सला करोना झाला आहे आणि रविवारी तो खेळू शकणार नाही. सामना कॅन्सस सिटीत, तिथला क्वार्टरबॅक पॅट्रिक महोम्सच्या मैदानावर. त्या दुपारी लव्ह सरावाला गेला तो मुख्य क्वार्टरबॅक म्हणून.

दीड

रस्त्यापलीकडची सरावाची मैदानं, थंडी फारच असेल तर डॉन हटसन सेंटरचं छप्पर. क्वार्टरबॅकच्या अंगात लाल जर्सी, म्हणजे याला कुणी धडकायचं नाही.

पहिली वीस मिनिटं पायांची. हे जवळून पाहण्यासारखं आहे. स्नॅप, म्हणजे पुढच्या खेळाडूनं मागे दिलेला चेंडू, घ्यायचा, पाच पावलं मागे, पाचवं पाऊल टेकताच पहिल्या रिसीव्हरकडे चेंडू सुटायला हवा. तो मोकळा नसेल तर एक छोटी उडी पुढे आणि नजर दुसऱ्याकडे, आणखी एक उडी आणि तिसऱ्याकडे. नजर आणि पाय एकाच लयीत फिरले पाहिजेत. पाय नजरेच्या मागे राहिले की फेक डोक्यावरून जाते. लव्हचा हात पहिल्यापासून जबरदस्त होता, घोटाळा पायांत होता. 2022 मध्ये टॉम क्लेमेंट्स निवृत्ती सोडून क्वार्टरबॅक प्रशिक्षक म्हणून परत आले. कोवळ्या रॉजर्सला घडवणारे तेच. त्यांनी लव्हकडून ही पावलं रोज घोटून घेतली, आणि त्याच वर्षी त्याच्या फेकीत फरक दिसू लागला.

मग अकरा-अकरा जणांचा सराव, आणि इथेच राखीव मुलाची सगळ्यात मोठी अडचण उभी राहते. हंगामात आपल्या संघाच्या चाली जवळपास सगळ्या मुख्य क्वार्टरबॅकच खेळतो, कारण रविवारी तोच उतरणार. सकाळभर पाठ केलेलं राखीव मुलाला करून पाहायला मिळतच नाही. त्याच्या वाट्याला येते स्काउट टीम: येत्या रविवारच्या प्रतिस्पर्ध्याची नक्कल. प्रशिक्षक हडलमध्ये, म्हणजे चालीआधी जमलेल्या खेळाडूंच्या घोळक्यात, एक जाड कार्ड वर धरतो, त्यावर प्रतिस्पर्ध्याची चाल काढलेली असते, चेंडू कुठे जाणार तेही बहुधा ठरलेलं असतं. पाच-सात सेकंद ते कार्ड पाहायचं आणि आपल्याच पहिल्या बचावफळीविरुद्ध ती चाल खेळायची. आज हा प्रतिस्पर्धी, पुढच्या आठवड्यात तो. गायकाच्या मागे तानपुरा घेऊन बसलेल्या शिष्याला निदान गुरूचाच राग कानावर पडतो आणि मधूनच एखादी जागा गायला मिळते, इथे रोज परक्या घराण्याचं गायचं.

हे काम उरकून टाकता येतं. पुष्कळ जण तेच करतात, आणि त्यात एक धोकाही असतो: फेक आधीच ठरलेली असल्यामुळे मैदान वाचायची सवय सुटते. रॉजर्सनं त्या तीन वर्षांत हेच आपले सामने मानले. लीगमधली एक पूर्ण बचावफळी रोज समोर फुकट मिळते आहे, तर तिच्यावर अवघड फेकी करून पाहाव्यात, नजरेनं रक्षकाला एकीकडे ओढून चेंडू दुसरीकडे टाकावा, हा त्याचा हिशेब होता. पहिली फळी त्याच्यावर चिडायची. मला विचाराल तर मुलगा पुढे चालेल की नाही, हे बुधवारी दुपारी कार्डावरच्या चाली तो कशा खेळतो त्यावरून कळतं.

साडेतीन

सराव संपल्यावर नवखे रिसीव्हर आणि राखीव क्वार्टरबॅक मागे थांबतात. हे ज्यादा चेंडू कुठल्याही वेळापत्रकात नसतात. 27 नोव्हेंबर 2022 ला फिलाडेल्फियात रॉजर्सच्या बरगड्यांना मार बसला, चौथ्या सत्रात लव्ह आत गेला आणि ख्रिश्चन वॉटसन या पहिल्याच वर्षीच्या रिसीव्हरला त्यानं दिलेल्या चेंडूवर 63 यार्डांचं टचडाउन झालं. नऊ फेकींत सहा अचूक, 113 यार्ड. सामना हरला, पण गावाची कुजबुज त्या रात्री बदलली.

पत्रकार बुधवारी मुख्य क्वार्टरबॅकभोवती जमतात. राखीव मुलगा त्यांच्या मागून आंघोळीला जातो.

साडेचार

आजच्या सरावाची फीत. मुख्य खेळाडूच्या प्रत्येक चालीवर राखीव मुलानं मनात आपला निर्णय घ्यायचा आणि मग पडद्यावर पाहायचं, त्यानं काय केलं.

कॅन्सस सिटीचा तो रविवार पुढे असाच फितीवर पाहिला गेला असेल. पॅकर्स 13–7 हरले. लव्हच्या 34 पैकी 19 फेकी अचूक, 190 यार्ड, एक टचडाउन, एक इंटरसेप्शन, म्हणजे प्रतिस्पर्ध्यानं झेललेली फेक. समोरच्यांनी त्याच्यावर सतत जादा माणसं सोडली आणि त्याला वेळेत उत्तर सापडलं नाही. लाफ्लोर यांनी दोष आपल्या आखणीवर घेतला, आणि तो खराच होता: दीड वर्षं कार्डांवरच्या चाली खेळलेल्या मुलाला त्यांनी तीन दिवसांच्या सरावावर उतरवलं होतं. पलीकडे महोम्स होता. 2017 मध्ये तोही वर्षभर राखीव बसला होता आणि शेवटचा एकच सामना खेळला होता. तो बसला होता ॲलेक्स स्मिथच्या मागे, रॉजर्सच्या आधी निवडल्या गेलेल्या त्याच स्मिथच्या. आठवड्याची तयारी कशी करायची ते स्मिथनं त्याला हातचं न राखता शिकवलं, याची आठवण महोम्स नेहमी काढतो.

सात

घर. टॅबलेटवर उद्याच्या तिसऱ्या डाउनच्या चाली. आरशासमोर किंवा घरच्यांसमोर मोठ्यानं म्हणायच्या, पुन्हा पुन्हा, हडलमध्ये म्हणाव्यात तशा.

नऊ

दिवस संपताना पैशांचा हिशेब आठवतोच. पहिल्या फेरीतल्या खेळाडूचा पहिला करार चार वर्षांचा, संघाला हवं असेल तर पाचवं वर्ष, आणि तो मुख्य क्वार्टरबॅकच्या बाजारभावाच्या मानानं फारच स्वस्त असतो. त्यातली तीन वर्षं बाकावर घालवणं बहुतेक संघांना परवडत नाही, म्हणून ते मुलाला पहिल्याच सप्टेंबरात उभा करतात. बसवून ठेवलं म्हणजे मुलगा घडतोच असंही नाही. पॅकर्सनीच 2008 मध्ये दुसऱ्या फेरीत ब्रायन ब्रोमला घेतलं होतं. त्याच वर्षी सातव्या फेरीत आलेला मॅट फ्लिन त्याच्या पुढे गेला आणि ब्रोम पुढच्याच वर्षी संघाबाहेर पडला.

लव्ह मात्र घडला. एप्रिल 2023 मध्ये रॉजर्सही जेट्सकडे गेला. त्या हंगामात लव्हनं सगळे 17 सामने खेळून 4,159 यार्ड आणि 32 टचडाउन केले, प्लेऑफमध्ये, म्हणजे हंगामानंतरच्या बाद फेरीत, डॅलसला त्यांच्याच मैदानावर 48–32 हरवलं, आणि जुलै 2024 मध्ये 22 कोटी डॉलरचा चार वर्षांचा वाढीव करार केला. 2020 ची ती निवड बरोबर होती. चुकलं ते रॉजर्सला अंधारात ठेवणं. आपण त्याच्याशी आधी बोलायला हवं होतं, हे गुटेकुन्स्ट यांनीही पुढे मान्य केलं.

लव्हही आता पंचविशी ओलांडून पुढे गेला आहे. आज ना उद्या एखाद्या एप्रिलमध्ये पॅकर्स पुन्हा कुणा विद्यापीठाचा क्वार्टरबॅक उचलतील, आणि उचलावाच. फक्त त्या रात्री नाव जाहीर करण्याआधी त्यांनी एक फोन लव्हला करावा.