रंगभूषेतील वर्णविचार : त्वचा, शेजारचा रंग आणि प्रकाश

प्रस्तावना :

वार्षिक स्नेहसंमेलन किंवा विद्यापीठाचा युवक महोत्सव जवळ आला की वैजापूरसारख्या तालुक्याच्या गावीही रंगभूषेची पेटी बाहेर निघते. त्या पेटीत बहुधा गुलाबीसर गोऱ्या छटेचा एकच पॅनकेक असतो आणि तो सावळ्या, गव्हाळ, निमगोऱ्या अशा सर्व चेहऱ्यांवर सारखाच चढविला जातो. दिवे लागल्यावर मात्र चेहरा उजळण्याऐवजी राखी व निर्जीव दिसतो आणि मान व हात जणू दुसऱ्याच व्यक्तीचे वाटू लागतात. हा दोष हाताच्या कौशल्याचा नसून वर्णविचाराच्या अभावाचा आहे. प्रस्तुत लेखात या दोषाची कारणमीमांसा करून कल्पक रंगभूषेसाठी रंगसिद्धांत कसा उपयोगी पडतो, याचे विवेचन केले आहे.

भरताचे वर्णमिश्रण :

आहार्य अभिनयाच्या विवेचनात 'नाट्यशास्त्र' श्वेत, नील, पीत व रक्त हे चार मूळ वर्ण मानते. श्वेत-पीतातून पांडू, श्वेत-रक्तातून पद्म, पीत-नीलातून हरित, तर रक्त-पीतातून गौर वर्ण सिद्ध होतो. येथील 'गौर' पांढऱ्यातून निघत नाही, तो तांबड्या-पिवळ्याचा आहे. आपल्याकडे गोरेपणाचा अर्थ सफेदा असा कधी झाला, हा स्वतंत्र अभ्यासाचा विषय ठरेल. नील हा सर्व वर्णांत बलवान असल्याने त्याच्या एका भागास इतर वर्णाचे चार भाग घ्यावेत, अशीही सूचना भरताने केली आहे. रंग मिसळताना निळ्याचा थेंब जास्त पडून अख्खी वाटी वाया गेल्याचा अनुभव ज्यांनी घेतला आहे, त्यांना या नियमाचे व्यावहारिक मोल सांगावे लागणार नाही.

त्वचा हाही एक रंगच :

मुनसेल या अमेरिकन चित्रकाराने १९०५ मध्ये रंगाचे छटा, उजळता व तीव्रता असे तीन गुण वेगळे केले. या दृष्टीने पाहता मानवी त्वचा, गोरी असो वा काळी, रंगचक्रात नारिंगीच्या आसपासच येते. भेद मुख्यतः उजळतेचा असतो. गडद पृष्ठभागावर पांढऱ्या रंगद्रव्याचा विरळ थर दिला असता तो प्रकाश विखुरतो आणि निळसर राखी भासतो. सावळ्या चेहऱ्यावरील गोऱ्या पॅनकेकचे नेमके हेच होते. म्हणून मूळ लेप त्वचेच्याच छटेचा असावा आणि उठाव केवळ नाकाचा कणा, गालाचे उंचवटे व हनुवटी येथे उजळ छटेने द्यावा. याचे उत्तम उदाहरण याच जिल्ह्यात, अजिंठ्याच्या भित्तिचित्रांत आहे. तेथील चित्रकारांनी श्यामवर्णी आकृती गोऱ्या केल्या नाहीत. नाक व हनुवटीवरील उजळ फटकाऱ्यांनी त्यांना गोलाई दिली.

परस्परविरोधी रंगांचा उपयोगही येथेच समजून घ्यावा लागतो. पुरुषाने स्त्रीभूमिका करताना घोटून केलेल्या दाढीची निळसर छाया लेपातूनही डोकावते. तीवर आधी नारिंगी छटा दिल्यास निळेपणा मरतो, मग त्वचेचा लेप बसतो. मराठी रंगभूमीला स्त्रीपार्टी नटांची दीर्घ परंपरा असल्याने हा प्रश्न आपल्याला नवा नाही. 'बालगंधर्व' (२०११) या चित्रपटातील रंगभूषेसाठी विक्रम गायकवाड यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, त्यातही पुरुषाच्या चेहऱ्यावर स्त्रीरूप साकारण्याचेच आव्हान होते.

हाच नियम उलट बाजूने कृष्णाच्या भूमिकेत आडवा येतो. गव्हाळ त्वचेवर थेट निळा रंग लावला तर दोन विरोधी छटा मिसळून मळकट करडेपणा येतो. आधी पांढरा अस्तर-लेप द्यावा, तो सुकल्यावर निळा. त्याशेजारी पीतांबराचा केशरी-पिवळा आला की तोच निळा अधिक तेजस्वी दिसतो. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ शेव्रल यांनी १८३९ मध्ये मांडलेला समकालीन विरोधाचा नियम तो हाच. गोब्लँ येथील कारखान्यात काळ्या धाग्याचा रंग फिका असल्याची तक्रार आली, तेव्हा दोष रंगाचा नसून शेजारच्या धाग्यांचा असल्याचे त्यांना आढळले होते.

प्रकाशाचा हस्तक्षेप :

आरशासमोर सिद्ध झालेली रंगभूषा मंचावर तशीच राहत नाही. निळ्या प्रकाशात लाल ओठ काळे पडतात. लाल प्रकाशात गालांची लाली नाहीशी होते. अलीकडे भाड्याने येणारे एलईडी दिवे अनेकदा केवळ लाल, हिरव्या व निळ्या किरणांतून पांढरा प्रकाश तयार करतात. तो डोळ्यांना पांढरा भासला तरी त्वचेचा रंग त्यात बदलतो. मंडपातील नळीच्या दिव्याखाली केलेली निवड म्हणूनच विश्वसनीय नसते. पात्राच्या हातावर लेपाच्या तीन छटांचे पट्टे ओढून प्रयोगाच्याच दिव्यांखाली, प्रेक्षकांच्या शेवटच्या रांगेतून ते पाहावेत. यास दहा मिनिटे लागतात आणि ती रंगीत तालमीच्या वेळापत्रकातच राखून ठेवावी लागतात.