आधी आजार, मग तलवार

वैद्यकीय परिषदेनिमित्त औरादहून मुंबईस गेलो असता कुलाब्याचे 'अफगाण चर्च' पाहण्याचा योग आला. पहिल्या अफगाण युद्धातील मृतांच्या स्मरणार्थ बांधलेले हे अँग्लिकन प्रार्थनामंदिर १८५८ मध्ये उपासनेस खुले झाले. उंच मनोरा मागाहून पुरा झाला. आत अधिकाऱ्यांची नावे कोरली आहेत. साधे शिपाई इतके, की त्यांची नोंद अशक्य, असे स्मृतिलेखच सांगतो. मृत्यूची कारणे देताना तो आजार आधी लिहितो, तलवार नंतर. डॉक्टर म्हणून मी तेथेच खिळलो. काबूलच्या माघारीतून १३ जानेवारी १८४२ रोजी जखमी अवस्थेत जलालाबादेस पोहोचलेला विल्यम ब्रायडनही शल्यवैद्यच होता. औरादला परतल्यावर दवाखान्याची जुनी नोंदवही काढली. साथीच्या दिवसांतील कित्येक ओळींत नाव नव्हते. नुसते 'ताप' लिहिले होते. अक्षर माझेच.